‘तुम्ही शांत आहात, म्हणून तुमचं नाव पुढं आलं’

आदरणीय मॅडम,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते. वय ५१, सहयोगी प्राध्यापक, पीएच.डी. झालेली आहे, दोन मुलं माझ्याकडं संशोधन करतायत. आमचे प्राचार्य ३१ मे रोजी निवृत्त होतात. गेल्या आठवड्यात संस्थेच्या सचिवांनी बोलावून घेतलं. म्हणाले, “मॅडम, एक जूनपासून चार्ज तुम्ही घ्या. जाहिरात वगैरे सावकाश बघू. तुम्ही शांत आहात, म्हणून तुमचं नाव पुढं आलं.” मी विचार करून सांगते म्हणाले आणि उठले. माझ्याहून एक सर सिनियर आहेत. त्यांना कुणी विचारलेलंच नाही आणि ते आता माझ्याशी बोलत नाहीत. घरी यजमानांची द्राक्षबाग आहे, धाकटी बारावीला. सासूबाईंनी तर अर्ध्या गावाला सांगूनही टाकलंय. मला शिकवायला आवडतं, सह्या करत बसायला आवडेल का ते माहीत नाही. पण नाही म्हटलं तर ‘बाईला झेपलंच नसतं’ म्हणतील, तेही नको वाटतं. काय करू?

ता. क. आम्ही चौघीजणी पंधरा वर्षं स्टाफरूममध्ये एकत्र डबा खातो. प्राचार्य झाल्यावर ते बंद होतं का? प्रश्न पोरकट आहे, पण मनात सारखा तोच येतो.

केमिस्ट्रीच्या मॅडम, जि. सांगली

मॅडम,

तो ‘शांत’ शब्द मीही ऐकलेला आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल. वीसेक वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवत होते. आमचे प्राचार्य मुदतीआधीच सोडून गेले आणि मला संस्थेच्या बंगल्यावरून बोलावणं आलं. चहा झाला, चिवडा झाला, मग “मॅडम, तुमचा स्वभाव शांत, सगळ्यांना चालाल.” मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी येताना राजवाड्यावर उतरून कंदी पेढे घेतले. सव्वातीन वर्षांनी एका रविवारी संध्याकाळी फोन आला, की उद्यापासून चार्ज अमक्या सरांकडं द्या. कारण विचारलं तर म्हणाले, “कारण कसलं? प्रभारीच होता ना तुम्ही.” खरंच होतं ते. माझ्या आदेशात ‘पुढील आदेशापर्यंत’ असे दोन शब्द होते. पेढे घेण्याच्या घाईत मी ते वाचलेच नव्हते.

काही संस्थांच्या बोलीत शांत म्हणजे पुढ्यात ठेवलेल्या कागदावर सही करणारी. तुमचे सचिव तसेच असतील असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण ‘जाहिरात सावकाश बघू’ आणि ‘तुम्ही शांत आहात’ ही दोन वाक्यं पाठोपाठ आली की माझे कान टवकारतात.

तर माझं मत असं: प्राचार्य व्हा. प्रभारी होऊ नका. अगदीच व्हावं लागलं तर कागदावर तारीख घालून घ्या.

रीतसर प्राचार्य निवडायचा तर जाहिरात निघते, निवड समिती बसते, तिच्यावर संस्थेबरोबर विद्यापीठाची आणि शासनाची माणसं असतात, मग विद्यापीठाची मान्यता येते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत पात्रता अशी आहे: पीएच.डी., प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक हे पद, अध्यापन-संशोधनाची एकूण पंधरा वर्षं, मान्यताप्राप्त नियतकालिकांत किमान १० शोधनिबंध आणि ११० चा संशोधन गुणांक. पहिल्या तीन गोष्टी तुमच्याकडं आहेतच. चौथी-पाचवी तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, तेव्हा आज रात्री जेवणं आटोपली की पेपरांची फाईल काढून मोजायला बसा. भरत असेल तर तुम्हाला कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. दोन-तीन कमी पडत असतील, तर उत्तर केबिनमध्ये नाही, तुमच्या लॅबमध्ये आहे. वर्षभर तिथंच बसा.

याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे आणि लोक ती वाचत नाहीत. प्राचार्याची मुदत पाच वर्षांची असते, कामाचं मूल्यमापन होऊन आणखी पाच मिळू शकतात, आणि मुदत संपली की माणूस आपल्या मूळ ठिकाणी प्राध्यापक म्हणून परत येतो. तुम्ही ५१ च्या. निवडीला वर्ष गेलं असं धरलं तरी एक मुदत करून ५७ व्या वर्षी तुम्ही पुन्हा खडू हातात घेऊन उभ्या राहू शकता, साठीपर्यंत तीन वर्षं शिकवू शकता. ‘शिकवायचं सोडून सह्या’ या तुमच्या भीतीवर माझ्याकडं एवढाच उतारा आहे. जिथून परत वर्गात जाता येतं तीच खुर्ची घ्यावी. परत जायला जागा आहे हे माहीत असलं की माणूस ‘नाही’ म्हणू शकतो. मला ते पहिल्या खेपेला जमलं नाही, दुसऱ्या खेपेला जमलं. दुसऱ्यांदा मी दुसऱ्याच एका कॉलेजात मुलाखत देऊन गेले होते, आणि मूळ कॉलेजातला माझा लीन, म्हणजे मूळ पदावर परत येण्याचा हक्क, सुटणार नाही याचं पत्र आधी हातात घेतलं होतं. तुमची निवड बाहेरच्या कॉलेजात झाली तर हे लीनचं पत्र विसरू नका. तोंडी ‘आमचंच माणूस आहे’ यावर विसंबू नका.

आता प्रभारीपणाची खरी अडचण सांगते. अधिकार तात्पुरते मिळतात, जबाबदारी मात्र कायमची चिकटते. पगारबिलावर सही तुमची, वेतनेतर अनुदानाच्या हिशेबावर तुमची, शिष्यवृत्तीच्या अर्जांना मंजुरी तुमच्या लॉगिनमधून. तीन दरपत्रकं न मागवता घेतलेल्या कपाटाचा आक्षेप असेसमेंटमध्ये, म्हणजे अनुदानाच्या सरकारी तपासणीत, पाच-सहा वर्षांनी निघतो. कपाट कुणाच्या सांगण्यावरून घेतलं हे त्या कागदावर कुठंच नसतं, तुमचं नाव असतं. मग ऐन निवृत्तीत पेन्शनची फाईल कोल्हापूरला उच्च शिक्षण सहसंचालकांच्या ऑफिसात अडकते आणि आपण विट्याहून नाहीतर जतहून एसटीनं फेऱ्या मारतो. मी मारल्या आहेत. तेवढ्या फेऱ्यांत पंढरपूरच्या दोन वाऱ्या झाल्या असत्या.

आणि एक सही माझ्या मनातून अजून जात नाही. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखती होत्या. निवड समितीवर प्राचार्य असतो, म्हणून मीही होते. एका उमेदवारानं असा काही तास घेऊन दाखवला, की विषयतज्ज्ञ पेन ठेवून ऐकत बसले. चहाच्या सुट्टीत मला हळूच सांगण्यात आलं, की नाव ठरलेलं आहे, दुसरंच. मी शांत होते ना. सही केली. तो मुलगा पुढं कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर दोन गावांत दोन कॉलेजं करत होता, मोटारसायकलवर, डिकीत डबा आणि नोट्स. एकदा बाजारात भेटला. “मॅडम, कशा आहात?” असं त्यानं चांगलं हसून विचारलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. हा प्रसंग तुमच्यावर येणार, प्रभारी असाल तर लवकर येणार. तेव्हा काय करायचं हे आधीच ठरवलेलं असू द्या. सहीखाली ‘माझं मत वेगळं आहे’ असं लिहिता येतं, हे मला त्या दिवशी सुचलंच नाही.

शांत माणसाला या पदावर एक फार चांगलं हत्यार मिळतं, त्याकडं कुणाचं लक्ष नसतं. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात कलम ९७ खाली महाविद्यालय विकास समिती आहे, आपण जिला सीडीसी म्हणतो. अध्यक्ष संस्थेचा, पण सदस्य-सचिव प्राचार्य. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. अनेक ठिकाणी त्या चहापुरत्या होतात आणि कागद नंतर ‘तयार’ होतात. तुम्ही त्या खरोखर घ्या. इतिवृत्त तुम्हालाच लिहायचं असतं, ते त्याच दिवशी लिहा, आवक-जावक क्रमांक टाका, सगळ्यांना पाठवा. फोनवर कुणी काही सांगितलं की म्हणायचं, “हो साहेब, पुढच्या सीडीसीत विषय घेते.” आवाज चढवावा लागत नाही. निम्मे विषय तिथंच विरघळतात, केमिस्ट्रीच्या बाईला विरघळणं मी काय शिकवू.

उपप्राचार्याचंही तसंच. नियमाप्रमाणे ती नेमणूक प्राचार्याच्या शिफारशीवरून दोन वर्षांसाठी होते. शिफारस तुमची असू द्या, ‘वरून’ आलेलं नाव टाइप करून देऊ नका.

यावरून तुमच्या न बोलणाऱ्या सरांकडं येते. सिनियर माणसाला डावलून दिलेला चार्ज ही विद्यापीठात जाणाऱ्या तक्रारअर्जाची पहिली ओळ असते. सचिवांना उत्तर देण्याआधी तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जा. ऑफिसात नको, घरी. सांगा, की मला विचारलंय, मी अजून हो म्हटलेलं नाही, तुमची इच्छा असेल तर चार्ज तुमच्याकडं यावा असं मी लेखी देईन. बहुतेक ते नको म्हणतील. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली माणसं सहसा नकोच म्हणतात, त्यांना विचारलं जायला हवं असतं. आणि हो म्हणाले तर तुम्ही सुटलात: मधला काळ ते सांभाळतील, तुम्ही जाहिरात निघाल्यावर अर्ज करा. मला हा मार्ग सगळ्यात आवडतो.

ते नको म्हणाले आणि चार्ज घेणं भागच पडलं, तर सचिवांना अर्ध्या पानाचं पत्र द्या. मी सहा महिन्यांसाठी प्रभारी म्हणून काम पाहीन, त्या काळात पूर्णवेळ प्राचार्यपदाच्या जाहिरातीचा प्रस्ताव विद्यापीठाकडं पाठवावा, माझ्या आदेशात तारीख असावी आणि माझे संशोधन-विद्यार्थी माझ्याकडंच राहतील. पोच घ्या. हे पत्र वाचून त्यांनी दुसरं शांत माणूस शोधलं, तर वाईट वाटून घेऊ नका, पेढ्यांचे पैसे वाचले.

सासूबाईंचा मात्र मला राग येत नाही. आपल्याकडं हा शब्द नावाला कायमचा चिकटतो. फलटणच्या मुधोजी कॉलेजचे शिवाजीराव भोसले पुढं मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तरी लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘प्राचार्य’ शिवाजीराव भोसलेच राहिले. कुलगुरूपद खाली पडलं, प्राचार्यपद वर. त्या पिढीतल्या प्राचार्याची ओळख त्याच्या व्याख्यानावरून होती. आज नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, शेऱ्यावरून होते, आणि नॅकसाठी वर्षानुवर्षं फोटो, हजेरीपत्रकं आणि अहवाल गोळा करण्यात प्राचार्याचा जेवढा वेळ जातो, तेवढा वेळ त्या लोकांनी वाचनात घालवला. हा म्हातारीचा सूर झाला, सोडून द्या.

पण संस्था कुठल्या घडणीची आहे हे जरूर बघा, कारण प्राचार्याचं आयुष्य त्यावर ठरतं. गंमत बघा, १९१९ या एकाच वर्षी आपल्या दोन जिल्ह्यांत दोन रोपं लागली. कराडजवळ काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि सांगलीत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. डेक्कनची परंपरा आजीव सदस्यांची, म्हणजे शिकवणाऱ्यांनीच मिळून संस्था चालवायची, प्राचार्य त्यांच्यातलाच एक. रयतेत बदली होते, आज या गावी तर तीन वर्षांनी त्या गावी, त्यामुळं प्राचार्याचं बिऱ्हाड हलतं पण गावच्या पुढाऱ्याचा हातही त्याच्यापर्यंत फार काळ पोचत नाही. तुमच्या पत्रावरून तुमची संस्था या दोन्हींतली वाटत नाही. एक तालुका, एक घराणं, एक सचिव. तिथं प्राचार्याला बदलीही नाही आणि बरोबरीचे आजीव सदस्यही नाहीत. म्हणून तर मी कागद-कागद करतेय.

घरचं तुम्हीच माझ्याहून नीट जाणता. ऑक्टोबरच्या छाटणीत यजमान मोकळे नसतात आणि पावसाळ्यात तुम्ही नसाल, प्रवेशाच्या धामधुमीत. तुमच्या जिल्ह्यात तर पूर हाही प्राचार्याच्या कामात धरायला हवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तिथं धोक्याची पातळीच ४५ आहे. तेव्हा ठिकठिकाणी शाळा-कॉलेजांच्या वर्गांत माणसं राहायला आली होती. अशा रात्री वर्गांच्या चाव्या कुणाकडं आहेत, टाकीत पाणी किती आहे, बाळंतिणीला कुठली खोली द्यायची, हे प्राचार्याला माहीत असावं लागतं. यातलं काही नॅकच्या रकान्यांत मावत नाही. मला या कामात सगळ्यात जास्त अर्थ वाटला, तोही असल्याच दिवसांत. बारावीच्या लेकीसाठी एवढंच, की तिला अडचणी सोडवायला घरात प्राचार्य नको असते, केमिस्ट्रीची बाई हवी असते. एप्रिल-मे तिचा. चार्ज जूनचा आहे.

‘बाईला झेपलंच नसतं’ म्हणणारे तुम्ही घेतलं तर ‘बाईला कुणी चालवतंय’ म्हणतील. त्यांच्यासाठी काही करू नका.

शिकवणं अजिबात सोडू नका. आठवड्याचे चार तास तरी घ्या, आणि बी.एस्सी. भाग एकचे घ्या. शेवटच्या वर्षाची मुलं प्राचार्याला घाबरून गप्प बसतात, पहिल्या वर्षाच्या पोरांना तुम्ही कोण हेच माहीत नसतं. ती सांगतात. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, लायब्ररी तीनलाच बंद होते, पासाच्या सहीसाठी ऑफिसात चार हेलपाटे झाले, हे मला कुठल्याही समितीनं सांगितलं नाही, नकाशा काढता काढता पोरींनी सांगितलं. संशोधनाच्या दोन मुलांना एक दिवस ठरवून द्या, शनिवार बरा. त्या दिवशी केबिनला कुलूप, अ‍ॅप्रन अंगावर. पहिले दोन महिने ऑफिस अधीक्षक फाईल घेऊन लॅबच्या दारात येतील. आत घेऊ नका. तिसऱ्या महिन्यात येत नाहीत.

डब्याचा प्रश्न पोरकट नाही. मी पहिल्या खेपेला केबिनमध्ये एकटीच जेवत होते. शिपाईमामा डबा उघडून, शेजारी पाण्याचा ग्लास झाकून ठेवायचे, आणि मला ते मानाचं वाटायचं. चार्ज गेल्यावर स्टाफरूममध्ये परत गेले, तेव्हा माझ्या खुर्चीवर दुसऱ्या मॅडम बसायला लागलेल्या होत्या. त्यांची चूक नव्हती, सव्वातीन वर्षं झाली होती.

म्हणून दुसऱ्या कॉलेजात पहिल्याच दिवशी डबा उचलला आणि सरळ स्टाफरूममध्ये गेले. सगळे उभे राहिले, बोलणं थांबलं. माझ्याबद्दलच चाललं असणार. मी जेवले आणि उठले. जेवताना कुणी रजेचा विषय काढला तर “अर्ज ऑफिसात द्या” एवढंच म्हणायचं मी ठरवलं होतं, ते पाळलं. चार महिने रोज ते उभे राहायचे आणि रोज मी “बसा हो” म्हणायचे. पाचव्या महिन्यात झूलॉजीचे एक सर मान वर न करता, बसल्या बसल्याच म्हणाले, “मॅडम, मीठ आहे का तुमच्याकडं?”